आजेसासूबाईंचं ड्रेसिंग टेबल : पॉलिश की रंग?

रानजाई
नमस्कार मंडळी. गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा नवऱ्याच्या आजीचं ड्रेसिंग टेबल आमच्याकडे डोंबिवलीला आलं, तेव्हापासून ते हॉलच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभं आहे आणि आता लेकीला स्वतःची खोली मिळतेय तर तिला ते हवंय. मधे उभा लांब आरसा, दोन्ही बाजूंना खण, कोपरे सगळे गोल, आणि वजन असं की चौघांना घाम फुटला. वरून क्रीम कलरचा ऑइल पेंट आहे, एका कोपऱ्याचा टवका उडालाय तिथे खाली फिकट हिरवा दिसतो आणि त्याच्याही खाली चॉकलेटी. लेकीला निळसर राखाडी हवंय, पिंटरेस्टवरून ठरवून ठेवलंय. सासूबाई म्हणतात सागवानाला रंग फासणं म्हणजे पाप, खरवडून पॉलिश करा. सुताराला विचारलं तर तो म्हणतो घासायचं मशीन मारून एका दिवसात साफ करून देतो. मला दोघींचंही पटतं म्हणून इथे विचारतेय. घरच्याघरी होण्यासारखं आहे का? फोटो टाकलेत, पाठीमागचाही आहे.

टिंबटिंब
पॉलिश. पुढचा प्रश्न?

अनारसा
मी रंगाच्या बाजूने. ज्या मुलीला रोज त्याच्यासमोर बसायचंय तिला नको असलेलं टेबल कितीही सागवानी असलं तरी त्याच्यावर कपड्यांचा ढीगच पडणार. आमच्याकडे पॉलिश केलेलं कपाट आहे, सगळे आले-गेले कौतुक करतात आणि घरातलं कोणी ढुंकून बघत नाही.

ट्रामचा_डबा
अहो हे आर्ट डेको आहे! गोल कोपरे, बाजूने गेलेल्या तीन समांतर रेघा, पायांऐवजी खाली सलग बसकी पट्टी. १९३०-४० च्या दशकात मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानासमोरच्या इमारती उठल्या त्याच चालीचं फर्निचर तेव्हा मुंबईतले सुतार बनवायला लागले होते. त्याच इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या आणि त्यातलं फर्निचर जोगेश्वरीच्या नाहीतर चोर बाजारातल्या दुकानात गेलं. कृपया मशीन मारू नका. हात जोडून सांगतो.

रानजाई
अरे बापरे, मला वाटलं नुसतं जुनं आहे. पण मशीन का नको? सगळेच मशीन मारतात की.

चपडी_स्पिरिट
ताई, आमचे वडील ठाकूरद्वारला पॉलिशचं काम करायचे, मी स्वतः नोकरी केली पण सुट्टीत पॉलिश चढवायची कापडी पोटली हातात असायची त्यामुळे थोडं सांगतो. फोटो मोठा करून बघितला. वरची फळी आणि बाजूच्या उभ्या फळ्या सॉलिड सागवान वाटतात, कडेला लाकडाचं तोंड दिसतंय. पण खणांचे पुढचे भाग जे गोलाकार आहेत ते अख्ख्या लाकडाचे नसणार, आत दुसरं लाकूड आणि वर व्हिनियर. व्हिनियर म्हणजे लाकडाचाच कागदासारखा पातळ पत्रा, पूर्वीचा थोडा जाड असायचा पण तरी मिलिमीटरच्या आसपासच, आणि त्यावर आधी कोणी घासकाम केलं असेल तर आणखी कमी. गोल भागावर मशीनचा सपाट पॅड टेकला की मधला फुगीर भाग आधी खाल्ला जातो, दोन मिनिटात आतलं पांढरं लाकूड बाहेर. मग त्यावर कुठलंच पॉलिश चालत नाही, रंगच लावावा लागतो. तुमच्या सुताराला सॉलिड आणि व्हिनियर यातला फरक माहीत असेल हो, पण एका दिवसात काम संपवायचं असलं की माहीत असून उपयोग नाही.
खात्री कशी करायची : खण पूर्ण बाहेर काढा, पुढच्या फळीची वरची कड बघा. तिथे थर दिसला तर व्हिनियर. पुढच्या रेषा कडेवरून मागे वळलेल्या दिसल्या तर सॉलिड.
दुसरी टेस्ट. टवका उडालाय तिथे चॉकलेटी थरावर कापसाने स्पिरिट लावा, मिनिटभर थांबा. चिकट होऊन कापसाला तपकिरी रंग आला तर खाली चपडी लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने चढवलेली लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने ढिम्म, तर तोही ऑइल पेंटच. हे केल्याशिवाय पॉलिश की रंग हा वाद घालू नका, घालण्यासारखं खाली आहे की नाही तेच अजून कळलेलं नाही.

न्यूजर्सीकर_सुमी
मधेच तोंड घालते कारण कोणी बोललं नाही. खालचा हिरवा आणि क्रीम रंग कधीचा आहे? जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायची शक्यता खूप असते. आमच्याकडे अमेरिकेत घरातल्या रंगात शिसं घालायला १९७८ पासून बंदी आहे, त्यामुळे त्याआधीचं घर किंवा फर्निचर म्हटलं की आधी लीड टेस्ट. भारतात ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) सक्तीची मर्यादा २०१६ च्या नियमाने आली आणि लागू झाली नोव्हेंबर २०१७ ला, म्हणजे त्याच्या आधीचा कुठलाही डबा संशयितच धरायचा. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते, मुलं हात तोंडात घालतात, आणि शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो. गॅलरीत घासलं तरी वारा ती आतच आणतो.

रानजाई
आता मला भीतीच वाटायला लागली. लेक आठ वर्षांची आहे. हे टेबल घरात ठेवायचं तरी का?

न्यूजर्सीकर_सुमी
ठेवा हो, नुसतं उभं असलेलं टेबल काही करत नाही. घट्ट बसलेला रंग धोकादायक नसतो, त्याची धूळ, पापुद्रे आणि धूर धोकादायक. म्हणून रंग तापवून काढायची हीटगनही नको. जिथे घट्ट आहे तिथे वरून नवीन रंगाचे कोट मारून तो आत बंद करून टाकणं हा मान्य उपाय आहे. जिथे काढायचाच आहे तिथे ओला काढायचा.

टिंबटिंब
म्हणजे रंगवाले जिंकले?

चपडी_स्पिरिट
कोणी जिंकलं नाही, स्पिरिट लावून झालं का ते सांगा. सुमीताईंनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, आमच्या वडिलांच्या काळी तोंडाला रुमाल बांधला की झालं असं होतं.

कोकणी_फणस
अवांतर : आमच्या राजापूरच्या घरी पणजोबांचा फणसाच्या लाकडाचा पलंग आहे, त्यालाही कोणीतरी ऐंशीच्या दशकात निळा ऑइल पेंट दिलाय. त्या काळात घरातल्या घरात एक डबा उघडला की खिडक्या, पाट, देवघर, पलंग सगळ्याला तोच रंग. गणपतीच्या आधी उरलेला रंग संपवायचा असायचा.

अनारसा
हाहाहा, आमच्याकडे शिवणयंत्राच्या लाकडी झाकणालाही गुलाबी.

रानजाई
स्पिरिट लावलं! कापूस तपकिरी झाला आणि बोटाला चिकट लागतंय. खणाच्या कडेवर थर स्पष्ट दिसतोय, म्हणजे व्हिनियर. वरच्या फळीला थर नाही. आता?

चपडी_स्पिरिट
उत्तम. ही चांगली बातमी का ते सांगतो. खाली चपडी आहे म्हणजे लाकडाची छिद्रं आधीच बंद झालेली, वरचा ऑइल पेंट लाकडात उतरलेलाच नाही, तो चपडीवर बसलाय. असा रंग निघताना बराच सुटसुटीत निघतो आणि खालच्या रेषांमध्ये पांढरे कण अडकून राहत नाहीत. कच्च्या लाकडावर मारलेला असता तर मीच म्हटलं असतं की वरून रंग द्या आणि सोडा.
माझा सल्ला असा. सगळं टेबल खरवडायला जाऊ नका. बाजू, खालची पट्टी, आरशाची चौकट यावर रंग घट्ट असेल तर तसाच ठेवा आणि त्यावर लेकीचा निळा-राखाडी. फक्त वरची फळी आणि खणांची तोंडं साफ करून पॉलिश करा. काम निम्म्याहून कमी, घाण कमी, आणि सासूबाई-नात दोघीही जेवायला एका टेबलावर बसतील.

टिंबटिंब
काका राजकारणात का गेला नाहीत?

ट्रामचा_डबा
मला खरं तर अख्खं पॉलिश बघायला आवडलं असतं पण शिसं म्हटल्यावर गप्प बसतो. शिवाय डेको फर्निचरमध्ये दोन रंगांचं काम तेव्हाही व्हायचं, गडद आणि फिकट लाकूड शेजारी शेजारी, त्यामुळे अगदी विजोड दिसणार नाही.

रानजाई
हे पटलं. आता रंग ओला काढायचा म्हणजे नक्की कसा? पाणी मारून वॉटरपेपरने?

चपडी_स्पिरिट
व्हिनियरवर पाणी अजिबात नको! त्या काळात फेविकॉल नव्हता, व्हिनियर चिकटवायला सरस वापरायचे, जनावरांच्या हाडाकातड्याचा. सरस गरम आणि ओल्याने सुटतो. पाणी मुरलं की फुगा येतो. (आलाच तर घाबरू नका, त्यावर ओलसर फडकं ठेवून इस्त्री कोमट फिरवायची, सरस परत धरतो, वर सपाट फळी आणि वजन ठेवून रात्रभर सोडायचं.)
पेंट रिमूव्हर घ्या, जेलीसारखा दाट येतो तो, उभ्या भागावरून ओघळत नाही. ब्रशने जाड थर द्या, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा घोळू नका. वर प्लॅस्टिकचा कागद टाकून ठेवा म्हणजे उडून जात नाही. रंग सुरकुतला, फुगला की प्लॅस्टिकच्या पट्टीने, जुनं एटीएम कार्ड चालतं, हलक्या हाताने लाकडाच्या रेषेच्या दिशेने काढा. लोखंडी पत्रा वापरू नका, कोपरा घुसला की व्हिनियर फाटलं. दोन थर आहेत त्यामुळे एकदा करून भागेल असं नाही. निघालेला लगदा ओला असतानाच जुन्या पेपरात गुंडाळून पिशवीत बांधा, वाळू देऊ नका. शेवटी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या, पाण्याने नाही. स्पिरिटने जुनी चपडीही निघून येईल, येऊ दे.

न्यूजर्सीकर_सुमी
रिमूव्हरबद्दल एक. त्यात बहुतेक वेळा मिथिलीन क्लोराइड असतं, ज्याची किरकोळ विक्री इथे २०१९ पासून बंद केली कारण बंद बाथरूममध्ये काम करताना माणसं दगावली होती. डब्यावर वाचा. वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते. एन-९५ धुळीला ठीक, या वाफेला त्याचा काडीचा उपयोग नाही. मोकळ्या गच्चीवर करा, हातमोजे जाड घ्या (डॉक्टरांचे पातळ मोजे त्यात विरघळतात), आणि लेकीला त्या दिवशी मावशीकडे पाठवा. कामाचे कपडे वेगळे धुवा.

मी_सातारकर
ताई मी वॉटर बेस इमल्शनवाला माणूस आहे, निळ्या भागाबद्दल बोलतो. जुन्या ऑइल पेंटवर थेट पाण्याचा रंग मारला तर नखाने सोलून निघेल. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा (हे सॉलिड बाजूंवर चालेल ना काका?), मग ओल्या वॉटरपेपरने २२० किंवा ३२० नंबरने फक्त चमक मारायची, रंग काढायचा नाही, ओलं असल्यामुळे धूळ उडत नाही. मग प्रायमर. आणि हो, त्या चॉक पेंटवाल्या बायका सांगतात की प्रायमर लागत नाही, काही लागत नाही, ते साफ चूक नाही पण फिकट शेड असेल तर फसायला होतं.

अनारसा
चॉक पेंटवाली बाई इथे हजर आहे :) मॅट फिनिश सुंदर येतो आणि ब्रशच्या रेषा डोळ्यात भरत नाहीत. विकतचा महाग पडतो, मी घरी करते. मॅट इमल्शन, त्यात खडूची पावडर पाण्यात कालवून. प्लास्टर ऑफ पॅरिसनेही होतं पण ते डब्यात दगड होतं म्हणून लागेल तेवढंच कालवा. वर मेण नाहीतर क्लिअर कोट लागतोच, नुसता ठेवला तर मुलांच्या तेलकट हातांचे डाग बसतात. फिकट शेडमध्ये फसायला होतं म्हणजे काय पण?

मी_सातारकर
सागवानातला तेलकट अंश आणि टॅनिन (लाकडातलं रंग सोडणारं तुरट द्रव्य) पाण्याच्या रंगातून वर येतं. आज पांढरं दिसतं, पंधरवड्यात पिवळे-तपकिरी ढग. मग लोक तिसरा, चौथा कोट मारत बसतात आणि ते परत येतात. कितीही कोट मारा, मधे अडवणारा थर नसेल तर येणारच.

चपडी_स्पिरिट
आणि तो अडवणारा थर म्हणजे आपली चपडीच. रंगाच्या खाली दोन हात चपडीचे द्या, डाग तिथेच थांबतात. पूर्वी पॉलिशमध्ये लाल रंग घालायचे महोगनी दिसावं म्हणून, तो तर पांढऱ्यातून गुलाबी होऊन वर येतो, त्यालाही हाच उपाय. फक्त साध्या चपडीत मेण असतं आणि मेणावर पाण्याचा रंग किंवा पीयू (पॉलियुरेथेन) नीट धरत नाही. विरघळवलेली बाटली हलवू नका, मेण तळाला बसू द्या, वरचं स्वच्छ ओतून घ्या. साबणाचं पाणी सॉलिडवर चालेल, पण पिळून, भिजवून नाही.
आता पॉलिश. लिटरभर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडी, रात्रभर. स्पिरिट चांगल्या ठिकाणचं घ्या, त्यात पाणी असेल तर पॉलिश पांढरं पडतं आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसता. पोटली म्हणजे आत कापूस, वर जुन्या धोतराचं नाहीतर ओढणीचं मऊ सुती कापड, घडी पडू द्यायची नाही. पिळून बघा, थेंब गळला तर जास्त झालं. पहिले हात रेषेच्या दिशेने सरळ, पुढचे गोल गोल, पोटली अडखळायला लागली की जवसाच्या तेलाचा एक थेंब बोटाने. आणि पोटली फळीवर कधीही थांबवायची नाही, विमान उतरतं तशी येऊन टेकायची आणि तशीच उडून जायची. थांबली की खालचं विरघळलं, छाप उठला.
तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी स्वतःहून पेटतात. पसरून वाळवा. आणि जवळ गॅस, उदबत्ती काही नको.

कोकणी_फणस
काका, पावसाळ्यात केलं तर?

चपडी_स्पिरिट
नाही. हवेत ओल असली की स्पिरिट उडताना गारवा होतो, बाष्प धरतं आणि पांढरट धूसर येतं. दिवाळीनंतर सगळ्यात बरं. खण अडकत असतील तरी पावसात रंधा मारू नका, तेच खण थंडीत खुळखुळतील. मेणबत्ती घासा.

लंडनचा_शिंपी
इथे ब्रिटनमध्ये हाच प्रकार उलटा चाललाय. पन्नास-साठच्या दशकातलं जी-प्लॅन, अर्कोल या ब्रँडचं सागवानी, एल्म लाकडाचं फर्निचर चॅरिटी शॉपमधून उचलायचं आणि राखाडी फासून विकायचं, मग दुसऱ्याने ते खरवडून दुप्पट भावाला विकायचं. बाय द वे काका, आजीचं शिसवी कपाट मुंबईहून इकडे आणायचा विचार आहे, बापाच्या माहितीप्रमाणे शंभरी पार केलेलं. त्यालाही चपडीच का?

ट्रामचा_डबा
शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, तसं असेल तर देशाबाहेर नेता येत नाहीत. पॅकर बोलवायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे तपासून घ्या, ते पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र देतात. पॉलिश नंतर बघू.

रानजाई
धागा वर काढतेय. दिवाळी झाली आणि सुरुवात केली. वरच्या खणाचं तोंड गच्चीवर रिमूव्हर लावून साफ केलं. क्रीम सुरकुतून पापडासारखा आला, हिरवा जरा हट्टी निघाला. आणि खाली काय निघालं बघा फोटोत, दोन खणांच्या रेषा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या आहेत, मधल्या आरशाच्या दोन्ही बाजूंना! लेक म्हणाली हे झाकायचं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त नवऱ्याला फोन करून सांगितलं. बाजूंवर चपडी, मग निळा-राखाडी, त्याचा दुसरा कोट वाळतोय. वरच्या फळीवर मात्र एक काळसर गोल डाग आहे, ओल्या लोखंडी डब्याचा असावा. आणि आरशाची कलई कोपऱ्यात गेलीय, नवीन करून घेऊ का?

चपडी_स्पिरिट
एका लाकडाचे लागोपाठचे दोन पत्रे पुस्तकासारखे उघडून लावलेत, चांगल्या कारागिराचं काम आहे. डाग लोखंड आणि टॅनिनचा, ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य पाणी फक्त डागावर, मोजे घालून, मग स्वच्छ ओल्या फडक्याने दोनदा पुसणे. विषारी आहे, बाटलीवर लिहून ठेवा. वरची फळी सॉलिड आहे म्हणून सांगतोय, खणांवर हे करू नका. आरसा तसाच ठेवा. कडेला तिरकी घासलेली जाड काच आता त्या भावात मिळत नाही, आणि कलई काढताना तडा गेला तर गेलाच.

अनारसा
निळा कुठला शेड ते सांगा ना. आणि पेंट वाळला असं वाटलं तरी महिनाभर त्यावर डबे-बाटल्या ठेवू नका, वरून कोरडा असतो पण आत मऊ, बुडाचे ठसे उठतात.

रानजाई
शेडचा नंबर घरी जाऊन बघते. मुठी राहिल्यात, त्यांच्यावरही क्रीम रंग आहे. पितळी असतील तर चिंच लावू का पितांबरी?

चपडी_स्पिरिट
आधी चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आणि वर क्रोमचा मुलामा, डेकोमध्ये तो खूप असायचा, त्याला चिंच लावली तर मुलामा खराब होऊन गंज निघू शकतो. चिकटला नाही तरी लगेच आंबट लावू नका, रंग काढून आत पिवळं आहे की पांढरं ते बघा, पितळेवरही क्रोम चढवायचे. रंग काढायला जुन्या, पुन्हा स्वयंपाकात न घेण्याच्या भांड्यात साबणाच्या पाण्यात मंद उकळा, सालपट आपोआप सुटतं, ते पाणी झाडांना घालू नका. पिवळं निघालं तर मग चिंच, पितांबरी जे घरात असेल ते.

टिंबटिंब
चुंबक फ्रिजवरचा चालेल का? विचारून ठेवतो, आमच्याकडे पण एक कपाट आहे.

चपडी_स्पिरिट
चालेल. पण आधी स्पिरिट.